उंच गाडी, बसकी गाडी

लातुरात गंजगोलाईजवळ रेवणप्पांचं साड्यांचं दुकान आहे आणि चाळीस वर्षं त्यांचा एकच हट्ट आहे. एकटा नवरा साडी घ्यायला आला की ते गठ्ठाच सोडत नाहीत. "नेसणारीला आणा," म्हणतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. असा हा शहाणा माणूस; पण गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गाडी हवी होती ती बायकोसाठी. महादेवीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या बाहेर पडायलाच तयार नव्हत्या. रिक्षात बसताना एका बाजूनं पोरगा उचलणार, दुसऱ्या बाजूनं नवरा, आणि अख्खी गल्ली बघणार. त्यापेक्षा घर बरं. सोमवारचं सिद्धेश्वराचं दर्शनही सुटलं. ते रेवणप्पांना फार लागलं होतं.

बाप-लेक महिनाभर दोन छोट्या एसयूव्हींत अडकले. एक उंच, दुसरी जरा बसकी. रेवणप्पांनी दुकानातल्या मीटरपट्टीनं गल्लीचं तोंड मोजलं, ॲव्हरेज विचारलं, गोलाईच्या गर्दीत दोन्ही गाड्या फिरवून पाहिल्या. "आप्पा, उंच गाडीतनं समोरचं लई चांगलं दिसतंय. खड्ड्याचंबी भ्या न्हाई," रविकिरण म्हणाला आणि बापाला ते पटलं. महादेवीबाईंना कुणी विचारलं नाही. गाडी पुरुषांनी बघायची आणि बाईनं नारळ घेऊन यायचं, असंच त्या घरात चालत आलेलं.

बुकिंगच्या दिवशी तशीच उचलाउचल करून त्यांना रिक्षानं शोरूमला आणलं. त्यांनी उंच गाडीला कुंकू लावलं. तिथली विक्रेती पुनम म्हणाली, "काकू, बसून बघा की."

महादेवीबाईंनी पाय उचलला. तो दाराच्या कडेपाशी अडला. दुसऱ्यांदाही अडला.

"आई, स्टूल ठिवू की. मी चढवतो," म्हणत रविकिरण पुढं झाला.

"रोज येणार हायस का तू?"

शेजारी बसकी गाडी उभी होती. तिचं दार महादेवीबाईंनी स्वतःच उघडलं, सीटवर टेकल्या आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. मग नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "आवो, दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगता तुमी?"

रेवणप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने जिचं दुखणं उशाला घेऊन झोपलो, तिलाच विचारायचं राहिलं. त्यांनी रुमालानं उंच गाडीचं कुंकू पुसलं आणि कुंकवाचा करंडा बायकोपुढं धरला.

"पुनमताई, ही लिहून घ्या," ते म्हणाले.

महादेवीबाईंनी बसल्या जागेवरूनच पुढच्या काचेखाली कुंकवाचं बोट टेकवलं. "सोमवारी दार मीच उघडीन," त्या म्हणाल्या. "तुमी निस्तं चालवा."