उरेब कापलेल्या कळ्या

आमच्या आत्याला स्वस्थ बसता येत नाही. हा आपला गुण आहे असं ती म्हणते. आई म्हणते, हा घराला लागलेला ताप आहे. बाबा इतकी वर्षं दोघींच्या मध्ये टिकून आहेत, कारण ते काहीच म्हणत नाहीत.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बायकांचे आणि मुलींचे कपडे शिवते. समोरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टांगलेली तिची कात्री. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, हा घरातला पहिला कायदा, कारण कागदाने धार जाते. पाहुण्यांची मुलंसुद्धा त्या भिंतीपासून चार हात लांब उभी राहायची. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगते, "मापं घेताना बायकांच्या तोंडून त्यांच्या नवऱ्यांच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, की माझी हौस परस्पर फिटली."

या वर्षी तिच्या गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पाय सरळ ठेवायचा आणि मशीनवर बसायचं इतक्यात नावही काढायचं नाही. बाबा म्हणाले, "मशीनला मोटर बसवून घेऊ की." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोटरने पाय मारायचा वाचेल हो. गुडघा दुमडून तासन्‌तास बसायचं कुठे वाचतंय?" झालं! आत्या आरामखुर्चीत आणि पाय समोरच्या स्टुलावर. तिथून तिने घर चालवायला घेतलं. वहिनी, दूध उतू चाललंय. वहिनी, तो पडदा वाकडा लावलास. दादा, चष्मा कपाळावर आहे, सगळं घर काय शोधतोयस?

"वन्सं, गुडघ्याबरोबर तोंडही बदलून घ्यायचं होतं," आई एकदा वैतागून म्हणाली.

"विचारलं होतं मी वहिनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंड अजून नव्यासारखं आहे."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यातच धाकटीचं लग्न ठरलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. माझं लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि ऑफिस सुटलं की आधी माहेरी डोकावून मग घरी जाते. आम्हा दोघींच्या अंगावर झबल्यापासून जे काही चढलं ते आत्याच्या हातचं. माझे लग्नाचे कपडेसुद्धा तिनेच शिवले होते. धाकटीचे मात्र बाहेर टाकावे लागले, दुसरा इलाजच नव्हता. आत्याने वरवर काही दाखवलं नाही. कपडे आले तेव्हा तिने ते उलटे करून आतली शिवण बघितली आणि "ठीक आहे" म्हणाली. आत्या ठीक आहे म्हणाली की समजायचं, काहीच ठीक नाही.

त्या संध्याकाळी मी तिला चहा द्यायला गेले तर तोंड भिंतीकडे.

"मी काही मरायला टेकलेली नाही," ती म्हणाली. "पण या घरातली मुलगी लग्नाला उभी राहणार आणि तिच्या अंगावर माझ्या हातचं काहीही नसणार. हे मला सोसत नाही गं."

आणि ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मला राग येतो. "मग रडत काय बसलीस?" मी म्हणाले. "पायाने शिवत होतीस का? हात धड आहेत ना?" तिने डोळे पुसले आणि चहा थंड असल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

ऑफिसच्या वाटेवर एक स्टेशनरीचं दुकान आहे. त्याच्या काचेच्या कपाटात कागदी वेटोळ्यांच्या फुलांचं एक शुभेच्छापत्र बरेच दिवस ठेवलेलं होतं. कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळायच्या, दाबून त्यांना आकार द्यायचा आणि चिकटवून फुलं-पानं करायची. क्विलिंग म्हणतात त्याला. यात पाय कुठेच लागत नाही, एवढंच मी बघितलं आणि आत शिरले.

"नव्यानेच शिकायचंय? मग फार घेऊ नका," दुकानदार म्हणाले. "पट्ट्या, फटीची सुई, चिमटा, गोंद. हात बसला की बाकीचं बघा."

मला असे समजूतदार दुकानदार सहन होत नाहीत. मी सगळं घेतलं. लहानमोठ्या भोकांची पट्टी घेतली, पट्ट्यांना चुण्या पाडायचं दातेरी चाकांचं यंत्र घेतलं, एक कंगवासुद्धा घेतला, तो कशाला लागतो हे मला आजही माहीत नाही.

आत्याने पिशवी मांडीवर रिकामी केली आणि गिऱ्हाइकाने आणलेलं कापड पारखावं तशी एकेक वस्तू पारखली. कंगवा आईकडे गेला. चुण्यांच्या यंत्रातून बाबांनी बसचं तिकीट फिरवून बघितलं आणि ते भलतेच खूश झाले. सुईला प्लास्टिकची मूठ होती, टोकाला पट्टीचं तोंड अडकवायला फट. आत्याने दोन वेढे घेतले न घेतले तोच सुई मुठीत गरगर फिरायला लागली.

"ही सुई म्हणे!" आत्या म्हणाली. "दादा, पक्कड आण. आणि माझ्या डब्यातलं दाभण."

दाभण म्हणजे गोणपाट शिवायची जाडजूड सुई, नाकं चांगलं मोठं. बाबांनी पकडीने नाक्याचं टोक तोडलं, तशी तिथे आपोआप फट तयार झाली. दुसरं टोक त्यांनी एका जुन्या ब्रशच्या लाकडी दांड्यात ठोकून बसवलं. आत्याने पट्टी अडकवली, अंगठा आणि बोट फिरवलं, आणि सर्रकन घट्ट वेटोळं झालं. सुईवरून काढून तिने ते तळहातावर सोडलं तर ते हलकेच सैल होऊन पसरलं. एका बाजूने चिमटीत दाबलं, थेंब झाला. दोन्ही बाजूंनी दाबलं, पान झालं. आत्या लहान मुलीसारखी हसली. "अगं, हे तर खेळणं आहे!"

मग घरात पाय ठेवायला जागा उरेना. टाचण्या तिच्याकडे होत्याच. आकार टोचून ठेवायला तिने आईची गरम भांडी ठेवायची बुचाची थाळी बळकावली. गोंदाचं तेवढं तिला उमजत नव्हतं. शिवणीत पक्कं म्हणजे भरपूर, असा तिचा हिशेब, त्यामुळे पहिली फुलं थाळीलाच चिकटली आणि थाळीची साल घेऊनच निघाली. पुढे टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच गोंद घ्यायला ती शिकली, आणि बाटलीचं तोंड सुकू नये म्हणून त्यात टाचणी खोचून ठेवायलाही. आईला चहात वेटोळी सापडत. पण आई ती निमूट बाजूला काढी, कारण दुधावरून कुणी ओरडत नव्हतं. घरात इतकी शांतता आईने लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

एक दिवस आत्याने मला जवळ बोलावलं. "धाकटीच्या अंबाड्यात माझी फुलं घालायची," ती कानात म्हणाली. "कुणाला बोलायचं नाही. पण या पट्ट्यांचे रंग भडक आहेत. तिच्या कपड्याचा डाळिंबी रंग यात नाही. मोठे कागद आण, मी कापते."

मी कपड्याचा तुकडा घेऊन दुकानं पालथी घातली आणि रंगाला रंग मिळवून कागद आणले. भिंतीवरच्या कात्रीकडे तिने बघितलंही नाही. माझ्याकडून कटर आणि लोखंडी पट्टी मागून घेतली, आणि मांडीवर फळी ठेवून सगळेच्या सगळे कागद सुतासारख्या सरळ पट्ट्यांत कापले. हात तो हातच.

दुसऱ्या दिवशी गेले तर घरात वादळ. वेटोळी बसतच नव्हती. गुंडाळून सोडलं की सपाट पसरायच्या ऐवजी पट्टी पीळ घेई आणि मधला भाग टोक काढून वर येई. आत्याने आधी कागदाला शिव्या घातल्या, मग गोंदाला, मग दुकानदाराला आणि शेवटी मला. "तुला कागद पारखता येत नाही! कापडाच्या दुकानात असा माल मी तोंडावर फेकला असता!"

बाबांनी एक पट्टी उचलून उजेडात धरली. त्यांचा जन्म छापखान्यात गेलेला. "कापलंस कसं?" त्यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? उरेब."

उरेब म्हणजे तिरकं. कापडाचा धागा उभा धरून नाही, आडवा धरून नाही, कोनातून कापायचं. गळ्याच्या पट्टीला, बाहीच्या गोलाईला, जे जे वळायला हवं ते शिंपी उरेब कापतो, म्हणजे ते हवं तसं वळतं. आत्याला वळणाऱ्या पट्ट्या हव्या होत्या, म्हणून तिचा हात विचारही न करता तिरका गेला होता.

"अगं, कागदालाही तंतू असतात," बाबा म्हणाले. "उभं काप, नाहीतर आडवं काप. तिरकं कापलंस तर तो पीळ घेणारच." बहिणीला काही शिकवायची संधी त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ते चेहरा गंभीर ठेवायचा जिवापाड प्रयत्न करत होते.

आत्याने दाभण खाली ठेवलं. ती भांडली असती तर मला चाललं असतं. लग्न तोंडावर आलं होतं आणि तो रंग आता कुठल्याच दुकानात उरला नव्हता, उरलेला सगळा मीच उचलून आणला होता. "राहू दे," ती म्हणाली. "वहिनी, झाडून टाक ते सगळं."

आई केरसुणी घेऊन आली, वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने एक बिघडलेलं वेटोळं उचलून देठाला धरतात तसं खालून धरलं. पीळ घेत घेत वर टोक काढलेलं, डाळिंबी.

"वन्सं," आई म्हणाली, "ही कळी आहे हो."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. खरंच कळी होती. उमलायच्या आदल्या दिवशी असते तशी, पाकळ्या एकीवर एक पिळलेल्या. चांगल्या पट्ट्यांची सपाट फुलं तिच्यापुढे बटणं वाटायला लागली. आत्याने आईचा हात धरला आणि तिला जवळ ओढून तिचा चक्क मुका घेतला. आई इतकी लाजली की केर तसाच टाकून आत गेली.

मग आत्या जी सुटली ती सुटलीच. एकेका कळीला खालून गोंदाचा ठिपका, तिच्या बुडाशी केसांचा आकडा आणि त्यावर शिवायच्या दोऱ्याचे घट्ट वेढे. घामाने कागद भिजू नये म्हणून वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात. नेलपॉलिश धाकटीचंच, ती घरभर शोधत होती आणि आत्या तिला "वस्तू जागेवर ठेवायला शीक" असं वर ऐकवत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी धाकटी तयार होऊन खुर्चीत बसली होती. केस करणारीने अंबाडा घातला होता, आणि ओल्या फडक्यात ताजी फुलं टपोरी, घमघमत वाट बघत होती. दाराशी आत्या, पाय स्टुलावर, मांडीवर डबा. तिने त्या फुलांकडे बघितलं आणि डबा हळूच पदराखाली घेतला.

"आत्या, दे ना," मी म्हणाले.

"राहू दे गं. कागद तो कागद. लोक हसतील तिला."

मला वाईट वाटलं, म्हणजे अर्थातच मी भडकले. डबा तिच्या मांडीवरून ओढून मी धाकटीच्या हातात कोंबला. तिने झाकण उघडलं. आत्या जमिनीकडे बघत होती.

"सकाळपासून हे कपडे मला परके वाटतायत," धाकटी म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. तुझ्या हातचं काहीतरी हवं होतं मला."

ती उठली, आत्याच्या समोर जाऊन ताठ उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. केस करणारी हसायला लागली. "अहो, डोक्यात घालायचंय!" पण आम्हा बहिणींची ती सवयच आहे. आत्यापुढे उभं राहिलं की हात आपोआप माप द्यायला वर जातात.

"बस खाली, वेडे," आत्या म्हणाली. धाकटी लग्नाच्या कपड्यांनिशी फरशीवर बसली. आत्याने आकडे ओठांत धरले आणि एकेक कळी अंबाड्यात खोवायला लागली. तोंड बंद असल्यामुळे हुकूम सगळे नाकातून. हं म्हणजे मान खाली, हंहं म्हणजे हलू नकोस. ताज्या फुलांची आठवणही कुणाला झाली नाही.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, मुलीला आणा. आत्याने शेवटचा आकडा खोचला. "ऊठ. वळ. चालून दाखव." धाकटी उठली, वळली, दारापर्यंत चालली. आत्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कपडा पुरा झाला की गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात, दाराशी उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "झाली. जा घेऊन."

आणि मान वळवून ती रडायला लागली. धाकटी दारातून धावत परत आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"अगं, कळ्या चुरगळतील!" आत्या ओरडली, पण तिने मिठी सोडली नाही.