गाडी वळण्यापुरती जागा

मामा गेल्याचं मला दौंडच्या स्टँडवर कळलं. महिना झाला त्याला. लोक अजून हळहळतात, "चांगली नोकरी सोडून राजकारणात वाया गेले." वाया...? मग ऐकाच.

मामा एसटीत इंजिनिअर होते. पण एसटी गावच्या वेशीपर्यंतच यायची, पुढे आमच्या बौद्धवस्तीत नाही. न्हावऱ्याच्या शाळेला जाणाऱ्या आम्ही मुली संध्याकाळी वेशीपासून उसाच्या कडेनं चालत परतायचो. सातवी झाली की एकेकीची शाळा सुटायची. मी हट्टानं दहावी काढली, इतकंच. गाडी वस्तीपर्यंत आणावी असं मामांनी म्हटलं, तेव्हा गावचे कारभारी आप्पा हसले. एवढी मोठी गाडी तिथं माघारी वळणार कशी, म्हणाले. वस्तीपुढच्या सरकारी गायरानात त्यांच्याच कडब्याच्या गंजी होत्या, हे मात्र बोलले नाहीत. मामांनी टेप लावून वळणापुरती जागा मोजली, खुंट्या ठोकल्या, तर सकाळी खुंट्या गायब.

त्या दिवशी ते माझ्या आईला म्हणाले, "ताई, गाडीचं मला कळतंय, पण जागा माझ्या हातात न्हाई. ती ठरावानं सुटती, आन् ठराव करणारी माणसं निवडून येत्यात." आणि राजीनामा दिला. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. पंचायत समितीच्या पहिल्या निवडणुकीत मामा सपाटून पडले. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणून गाव हसलं. हसू दे. पुढची पाच वर्षं त्यांनी रांजणगावात कंपन्यांची मशीनं दुरुस्त करून घर चालवलं, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरले. दुसऱ्या खेपेला निवडून आले. वर्षभर भांडल्यावर गंजी उठल्या. पहिली गाडी वस्तीत आली आणि आरामात वळली. माझी धाकटी बहीण तिच्यातूनच बारावीपर्यंत शिकली. मला आजही तिचा हेवा वाटतो आणि मामांचा अभिमान.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामांना आदरांजली वाहायला सगळे जमले, तेव्हा आप्पांचा मुलगाही आला. आता तोच गावचा पुढारी. त्या मोकळ्या जागेत मधोमध चौथरा बांधून मामांचा पुतळा बसवू, म्हणाला. टाळ्या पडल्या. मामी बसल्या जागेवरून उठल्या.

"न्हाई बापू. तिथं काय बी बांधायचं न्हाई. तुमास्नी त्यांना बघायचंच आसंल, तर सकाळच्या गाडीला या. पोरी चढत आसत्यात."

चौथरा झालेला नाही. आम्ही आहोत तोवर होणारही नाही.