उंबऱ्यावरची हाक

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि माझी बॅग उचलली. दोंडाईचा स्टेशनवर मला सोडायला माय, भाऊ, सगळेच आले होते. घर एकटं पडलं म्हणून माय सारखी कुरकुरत होती. पोरगी जर्मनीला नर्स म्हणून चालली, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. गाडी हलली तेव्हा आबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "हाक ऐकू उनी तं ओ दे." मला हसू आलं. इतक्या लांब कसली हाक ऐकू येणार?

त्या हाकेमागे आमच्या घरची एक जुनी गोष्ट आहे. प्लेगच्या साथीत गावात उंदीर मरून पडायला लागले, तसं अख्खं गाव घरंदारं टाकून शेतातल्या झोपड्यांत गेलं. साथ ओसरल्यावर लोक परतले, पण आमच्या घरात पाय टाकायची कुणाची हिंमत होईना. तेव्हा आबांची आजी उंबऱ्यावर उभी राहिली आणि आतल्या काळोखात घरच्या एकेकाचं नाव घेऊन तिने हाक मारली. जे तिच्या मागे उभे होते, त्यांनी ओ दिली. जे झोपडीतच प्लेगने दगावले होते, त्यांच्या नावानंतरही ती तेवढीच थांबली. मग आत जाऊन तिने चूल पेटवली.

तेव्हापासून आमच्याकडे बंद घर उघडताना हाका मारतात. साक्रीला लग्नाला जाऊन परतलो तरी आबा आधी उंबऱ्यावर थांबायचे. मला लाज वाटायची, आणि भीतीही. आपल्या नावाला ओ द्यायची, ते ठीक. पण मेलेल्या आत्याचं नाव घेऊन ते थांबले, की मी श्वास रोखून आतल्या अंधाराकडे बघायचे. "नाव लेवानं, वाट दखानी, मंग चूल पेटाडानी," आबा सांगायचे. प्लेगमधून आपलं घर एवढ्यावरच तरलं, असं त्यांचं म्हणणं.

लाइपझिगला हिवाळ्यात चारलाच दिवे लागतात. शिफ्ट संपवून, ट्राममधून उतरून खोली उघडायची, तर आत कोणी नाही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना ती शांतता ठाऊक असेल. व्हिडिओ कॉल बंद केल्यावर ती जास्तच अंगावर येते. पहिल्याच हिवाळ्यात मी परत जायचं जवळजवळ ठरवलं होतं. अशाच एका संध्याकाळी किल्ली लावताना मागून हाक आली, "रत्ना." वळून बघितलं, तर जिना रिकामा. दिवेलागणीनंतर न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, हे मायने लहानपणीच बजावलेलं. तरी तोंडातून "ओ" गेलीच. मग मी दारातच उभी राहिले, घरच्या सगळ्यांची नावं घेतली, थांबले आणि आत जाऊन कुकर लावला. परतीचं तिकीट काढायचं राहूनच गेलं.

पुढे आबा अचानक गेले. रजा मिळून मी पोचले तोवर तेरावंही झालं होतं, माय भावाकडे धुळ्याला होती आणि घराला कुलूप. तिघं मिळून उघडायला गेलो. मायने भावाचं नाव घेतलं, माझं घेतलं. आम्ही मागून ओ दिली. पुढचं नाव घ्यायची पाळी आली तशी तिने माझ्याकडे बघितलं, म्हणून "आबा" अशी हाक मी मारली. आत काहीच हललं नाही. लहानपणी ज्या अंधाराला मी भ्यायचे, त्यात आता आबा होते. भीती गेली, रडू मात्र आवरेना.

माय हळूच म्हणाली, "तू गयी तवयपशी तुना आबा तुनं नाव लिसन थांबेत. एकदाव हिवाळामा म्हनेत, पोरनी ओ दिधी. मंग हासत घरमा उनात."

मी गेल्यापासून आबा माझं नाव घेऊन थांबत होते, तर; मला लाइपझिगचा तो रिकामा जिना आठवला. तिने गॅस पेटवला आणि आम्ही कोरा चहा प्यायलो.

इथे लाइपझिगच्या मैत्रिणी विचारतात, आता तुझं घर कोणतं? माझं नाव घेऊन जिथे कोणी थांबतं, ते. माय अजून अधूनमधून गावी जाते, कुलूप काढते. इथे अंधारात माझं नाव ऐकू आलं, तर मी पहिल्याच हाकेला ओ देते. तिकडे माय उंबऱ्यावर ताटकळत असेल.