बॉलला नमस्कार

घरात दह्याचे रिकामे डबे साठतात तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि झाकण उघडलं की आतून कुणाचा तरी वेडेपणा निघतो. आमच्याकडे बहुतेक वेळा माझाच.

तर आटपाट डब्लिन होतं, ओहायोमधलं. तिथे कॉम्प्युटरवाला विनय, त्याची बायको मेधा, मुलगा निखिल आणि विनयची आई, म्हणजे मी, असे राहत होतो. निखिलला अमेरिकन फुटबॉलचं वेड. कॉलेज संपलं, पण इथली कुठलीच टीम त्याला घेईना. शेवटी एका टीमने सांगितलं, युरोपातल्या लीगमध्ये एक सीझन खेळून दाखव, मग फोन करू. विनयने अट घातली, "एकच सीझन. फोन आला नाही तर मुकाट्याने नोकरी." निखिल जर्मनीला गेला.

*

त्याचं काम एकच. दोन खांबांच्या मधून बॉल लाथेने पाठवायचा. गेला की पंच दोन्ही हात वर करतो. एवढं मला कळतं. बाकीचे एकमेकांच्या अंगावर का पडतात ते अजून कळलेलं नाही.

पहिली मॅच टीव्हीवर पाहिली. निखिल दोनदा उठला, दोनदा लाथ मारली, उरलेला वेळ बाकावर. मी फोनवर म्हटलं, "अरे, एवढ्या लांब नेऊन नुसतं बसवून ठेवतात? तुझ्या कोचला दे फोन, मी बोलते."

"आजी, दॅट्स माय जॉब."

फोन ठेवल्यावर मेधाने विचारलं, "कोचशी कुठल्या भाषेत बोलणार होतात, आई?"

ते मी ठरवलं नव्हतं.

*

लहानपणी निखिलचा पाय पुस्तकाला, ताटाला, कुणाला लागला की मी नमस्कार करायला लावायचे. घरात बॉल उडवला तर आधी ओरडा, मग बॉललाही नमस्कार.

आता टीव्हीवर बघते तर काय, बॉल मारला की याचा हात आपोआप छातीला आणि कपाळाला! पुढच्या मॅचला तिथले गोरे प्रेक्षकही तसंच करायला लागले. मी निखिलला फोनवर विचारलं, "हे लोक काय करतायत रे?"

"बॉलला सॉरी म्हणतायत, आजी. युअर फॉल्ट."

शेजारच्या शिंदेबाईंनी चौकशी केली, "नातू युरोपात काय करतो?"

"लाथा मारतो," मी म्हटलं. त्यांनी चहा अर्धाच घेतला.

*

मध्ये निखिलचे तीन बॉल लागोपाठ चुकले. मी देव पाण्यात ठेवले. पातेल्यात बाप्पा, हातात माळ, समोर टीव्ही. शेवटचा बॉल बरोबर खांबांमधून गेला.

"बघितलंस? ऐकलं बाप्पाने."

विनय म्हणाला, "आई, ही मॅच काल झाली. हे रेकॉर्डिंग आहे."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तू जपाला बसली होतीस."

मी देव पुसून जागेवर ठेवले. सीझनच्या शेवटच्या मॅचला मात्र तीन दिवस आधीच पाण्यात ठेवले.

*

निखिल घरी आला, बरोबर त्या शेवटच्या मॅचचा बॉल घेऊन. इथल्या त्या टीमचा फोन येईना. म्हणून देवही पाण्यातच. विनय येता-जाता पातेल्यात डोकावायचा, "बाप्पाला सर्दी होईल, आई." आणि निखिलच्या ताटाशेजारी नोकरीच्या जाहिराती छापून ठेवायचा. पोरगा जेवताना बोलेनासा झाला. मी चोरून त्या जाहिरातींवर गरम भांडी ठेवायचे.

एका सकाळी फोन वाजला. निखिलने उचलला. "येस, कोच," म्हणाला आणि जोरजोरात मान डोलवायला लागला. मी घाईघाईने देवांकडे निघाले. वाटेत तो बॉल पडलेला. माझा पाय असा बसला की बॉल उडाला तो डायनिंगच्या दोन खुर्च्यांच्या बरोबर मधून सोफ्यावर.

निखिलने फोन खांद्याशी दाबून धरला आणि दोन्ही हात वर केले.

मी आधी बॉलला नमस्कार केला. मग देव पाण्यातून काढले.