गुडगावच्या सहाव्या मजल्यावरचं फ्रेंच कपाट

ताईचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "हे आता रिटायर होतील, गुडगावचा फ्लॅट ताब्यात मिळालाय. मला एक कपाट हवंय," ती म्हणाली. "जुनं, देखणं, आणि ज्याच्यावर पांढरा नंबर नाही असं."

ताईचा सगळा संसार बदल्यांमध्ये, भाऊजींच्या ऑफिसकडून मिळालेल्या फर्निचरवर झालेला. पलंग असो, टेबल असो, प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेला नंबर. पाहुणे आले की ती त्यावर टॉवेल टाकायची. आणि मला युरोपातल्या जुन्या फर्निचरचं वेड, हे आमच्या नात्यागोत्यात जगजाहीर. कणीक झाकून ठेवली आणि नवऱ्याला तिकीट काढायला पिटाळलं.

ही हकीकत गुडगावला मेट्रो पोचायच्या आधीची. पुण्याहून निजामुद्दीनला उतरले, तिथून रिक्षाने आर. के. पुरमला, ताईच्या सरकारी क्वार्टरवर. (रिक्षावाला मीटर बिघडलाय म्हणेलच, घासाघीस करायला लाजू नका.) ताईने गरम थालीपीठ पुढे ठेवलं, पण माझं लक्ष कुठलं खाण्यात. आयात खुली झाल्यापासून दिल्लीत परदेशातून कंटेनर भरभरून जुनं फर्निचर येतं असं ऐकून होते.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या मारुतीतून आम्ही तिघं मेहरौली-गुडगाव रस्त्याला लागलो. काय तो रस्ता. एकीकडे मोहरीची शेतं, दुसरीकडे काचेच्या इमारती, मध्ये क्रेन, धूळ आणि म्हशी. घिटोरनीच्या आसपास फर्निचरची गोदामं सुरू होतात. सकाळी लवकर जा आणि जुने कपडे घाला, कारण मला तर अक्षरशः जमिनीवर लोळायला लागतं. कपाटाची पाठ बघायची, खण उपसून त्याचे सांधे बघायचे. सांधे सगळे एकसारखे असले तर माल मशीनचा, कमीजास्त असले तर हाताचा. पहिल्या तीन गोदामांत 'इंग्लिश' म्हणून दाखवलेलं सगळं कालपरवाचं निघालं.

चौथ्या गोदामात, गोणपाटाखाली, ते होतं. ओकचं, पुरुषभराहून उंच, दारांवर फुलांची परडी आणि चोचीत चोच घातलेली दोन कबुतरं. फ्रान्सच्या नॉर्मंडीत मुलीच्या लग्नात असं कपाट करून देत, तिच्या कपड्यालत्त्यासाठी. खरं सांगते, क्षणभर वाटलं ताईला काही बोलू नये, आपणच न्यावं पुण्याला. पण ताई केव्हाच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली होती. तिने दार उघडलं, आत डोकं घालून वास घेतला.

"सुमे, हे कोणाचंच नाही ना गं?"

"आता तुझं," मी म्हटलं.

सरदारजी मालक हसून म्हणाले, "बहनजी, चीज़ तो आपने पकड़ ली. पर ये लिफ़्ट में नहीं जाएगा."

भाऊजींचा चेहरा पडला. फ्लॅट सहाव्या मजल्यावर, जिना चिंचोळा. "अच्छा, मधोमध कापलं तर?" त्यांनी विचारलं. मी असं काही बघितलं की त्यांनी प्रश्न मागे घेतला. मग मी आत शिरून चाचपलं, आणि जिवात जीव आला. अख्ख्या कपाटात खिळा म्हणून नव्हता. लाकडी खुंट्या काढल्या की सगळं सुटं होतं. जुन्या लोकांनी घर बदलायची सोय करूनच ठेवलेली. भाव ठरला, सरदारजींनी माणसं लावली. खुंट्या निघेपर्यंत ताई आणि मी रस्त्यापलीकडे छोले-कुलचे खायला गेलो. कांदा आणि आंबट लोणच्यासकट, दहा रुपयांत पोट भरतं. ताई इतकी खूश होती की तिने दोनदा मागून घेतलं.

परत आलो तर करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सुट्या फळ्या भिंतीला ओळीने लावलेल्या, आणि भाऊजी हातात ब्रश घेऊन उकिडवे बसलेले. प्रत्येक फळीच्या दर्शनी कोपऱ्यात, सुबक अक्षरात, पांढरा ऑइलपेंट. एक, दोन, तीन, थेट कबुतरांच्या पायाशी सात.

"आता बिल्कुल अदलाबदल होणार नाही," ते समाधानाने म्हणाले. जन्मभराची सवय, दुसरं काय.

ताई बाजेवर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. भाऊजींना आधी कळेना. कळलं तेव्हा ब्रश कुठे ठेवावा तेही त्यांना सुचेना.

मी जाम चिडले होते. फळ्या उलट्या करून त्यांना दाखवलं की प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूला मूळ सुताराने पटाशीने खुणा करून ठेवल्यात, कोणाला दिसणार नाहीत अशा. पण ओरडून रंग थोडाच निघतो. नशीब एवढंच की लाकडावर मेणाचा जाड थर होता, त्यावर रंग धरत नाही. "पुसू नका, फासला जाईल. वाळू द्या," मी म्हटलं.

टेम्पो गुडगावला गेला, कपाट उभं राहिलं. दोन दिवसांनी भाऊजी एकटेच स्टुलावर बसले आणि अंगठ्याच्या नखाने एकेक आकडा सोलून काढला. मला हात लावू देईनात. सगळे निघाले, सात निघेना. दार तिथेच धरून उघडत असणार, मेण पार झिजलेलं.

"पॉलिशवाल्याला बोलावतो," भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

ताई जवळ गेली, त्या सातावरून बोट फिरवलं. "राहू द्या. आजवरचे सगळे आकडे ऑफिसने घातलेले. हा तुम्ही माझ्यासाठी घातलाय."

भाऊजी गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुण्याला परतताना गाडीत हिशेब चालूच होता डोक्यात. संग्राहकाच्या नजरेने पाहाल तर त्या साताने कपाटाची किंमत उतरली. घरी आले, बॅग ठेवली. हॉलमध्ये माझी व्हिक्टोरियन खुर्ची होती, आणल्या दिवसापासून कोणाला बसू न दिलेली, एक ओरखडा नाही. नवरा चहाचे कप घेऊन आला.

"बस त्या खुर्चीवर," मी म्हटलं.

तो खुर्चीकडे बघत राहिला. "चहासकट?"

"चहासकट."