सुईकाकांचं नाक

दूध डेअरीच्या प्रयोगशाळेसाठी सुईकाकांनी सव्वीस वर्षं गाईंचं रक्त काढलं. शेपूट उचलायचं, मुळाशी शीर चाचपायची, सुई टोचायची. गाईला माशी बसल्याइतकंही कळायचं नाही. नुकती व्यालेली गाय खाते कमी आणि दूध देते फार. मग ती अंगची चरबी जाळते, ते जळणं रक्तात उतरतं, आणि श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो. काकांना तो गोठ्याच्या दारातच कळे. यंत्रातली पट्टी मागाहून तेच सांगे.

"यंत्र कशाला आणता काका? नाक पुरे की!" गोठेवाले म्हणत.

"नाकाला पगार नाही ना," काका म्हणत, आणि मनातून फुलत.

सव्विसाव्या वर्षी काकू वाळत चालल्या. तांब्यामागून तांब्या पाणी पीत. पुढे घरात तोच गोडसर वास येऊ लागला. काकांना वाटलं, गोठ्यातून आपणच आणतोय. ते दारातच शर्ट काढू लागले, दोनदोनदा अंघोळ करू लागले.

"आता कातडी सोलून ठेवा," काकू हसल्या. "तुमच्या गाई माझ्या सवती. वास येणारच."

रविवारी सुट्टी होती. काकांच्या अंगात धुतलेला सदरा होता. धापा टाकत पडलेल्या काकूंची उशी सारखी करायला ते वाकले, आणि वास थेट त्यांच्या तोंडातून आला. त्यांनी पिशवीतलं यंत्र काढलं. काकूंच्या बोटाचा थेंब पट्टीवर घेतला. गाईचा आकडा दीडवर गेला तरी ते चिंतेत पडत. इथे सहा होता.

"मग," काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "किती लिटर देईन?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "साखर पार चढलीय, शरीर चरबीच जाळतंय. श्वासाला वास कधीपासून आहे?"

"दहा दिवस," काका म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी काकू गेल्या. सासरहून आलेली लेक बापाजवळ बसून म्हणाली, "बाबा, तुम्हाला तरी कसं कळणार होतं?"

काकांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या श्वासाजवळ नाक नेलं. लेक दचकली. मग उमगलं तिला, आणि ती तशीच, न हलता, श्वास सोडत राहिली.