बाईंना विचारायचं राहून गेलं

माझी पोरगी चार वर्षांची होईपर्यंत मला काकी म्हणायची. घरात माझ्या जावेची दोन मोठी पोरं होती. ती मला काकी म्हणत, म्हणून हीसुद्धा काकी. आणि माझी जाऊ तिची मोठी माय. पाहुण्यांना याचं फार हसू यायचं. मीही त्यांच्याबरोबर हसायचे आणि आतून नुसती जळायचे.

तिरोड्याजवळच्या एका गावात आमचं एका चुलीचं घर होतं. सासरे, मोठे दीर, जाऊ, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घर जाऊबाईंच्या हातात होतं. मी त्यांना बाई म्हणायचे. मी गोंदिया शहरात वाढलेली, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी बोलणारी. धान कसं दिसतं ते मला ठाऊक होतं, पण ते एकेक रोप हाताने लावतात हे अंगावर आल्यावरच कळलं. पहिल्या रोवणीला मी पोटऱ्यांएवढ्या चिखलात उभी राहून रडायच्या बेतात होते. बाईंनी माझ्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, जुडी दिली आणि म्हणाल्या, "दोन बोटानं आत ढकल अन् सोडून दे. एवढा इचार नोको करू, रोपटं आहे, नवरा नाही." सगळ्या बाया खिदळल्या. मला राग आला आणि हात मात्र चालायला लागला.

पुढे कित्येक वर्षं रोवणीत माझी जागा त्यांच्या डाव्या हाताला असायची. माझी पात मागे पडली की त्या बोलता बोलता माझ्या बाजूची चार-सहा रोपं लावून टाकत. मला ते मदत वाटायच्या ऐवजी टोमणा वाटे. माझा स्वभावच तसा आहे. कुणी चांगलं वागलं की आधी त्यात काय खोट आहे ते मी शोधते.

बाईंना मुलगी हवी होती आणि झाले मुलगे. बाळंतपणानंतर मी माहेरून परतले त्या दिवशी त्यांनी दारातच पोरीला माझ्याकडून घेतलं, ते जणू कायमचंच. न्हाऊमाखू घालणं त्यांच्याकडे, भरवणं त्यांच्याकडे. मी घास पुढे केला की पोरगी तोंड फिरवायची. एकदा ती अंगणात ठेचकाळून पडली, हनुवटीतून रक्त आलं. मी हातातलं सूप टाकून धावले. पोरगी उठली, माझ्या शेजारून पळत गेली आणि बाईंच्या पदरात शिरली. मी तशीच हात पसरून उभी. त्या दिवशी मी कुणाशीच बोलले नाही आणि माझ्या न बोलण्याचं कारण कुणी विचारलंही नाही.

अशात नवऱ्याला चाकणहून बोलावणं आलं. ते आयटीआय केलेले, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशिनी सांभाळायचे. त्यांचा एक दोस्त पुण्याकडे गेला होता, त्याने कंपनीत शब्द टाकला होता. पगार इथल्या दुप्पट. ते ऐकून सासरे जेवता जेवता थांबले.

"इथं तिरोड्याले एवढा मोठा वीजकारखाना उभा होऊन राहिला," ते म्हणाले, "अन् तू हजार किलोमीटर कायले जातो?"

त्या काळात तालुक्यात सगळीकडे तेच बोलणं होतं. प्रकल्प होणार, पोरांना कामं लागणार. सासऱ्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. थोडं थांबलो असतो तर कदाचित तिथंच जमलंही असतं. नवऱ्याने आठ दिवस विचार केला आणि मला म्हणाले, "तू म्हणशीन तसं." पुरुषांना निर्णयाची जबाबदारी नको असली की ते असे एकदम समजूतदार होतात.

मग मीच ठरवलं. जायचं.

विचारणाऱ्यांना मी कारणं सांगत होते. पोरीला चांगली शाळा मिळेल, पगार वाढेल, दोन-चार वर्षांत हाताशी काही जमलं की परत येऊ. सगळी खरी होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. मला माझी पोरगी हवी होती. ज्या घरात बाई नाहीत अशा घरात मला तिच्यासोबत राहायचं होतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

बाईंना मी रोवणीत सांगितलं. समोरासमोर बसून सांगायची हिंमत नव्हती. धानाच्या बांधीत, चिखलात वाकलेलं असलं की एकमेकींचं तोंड दिसत नाही, ते बरं असतं.

"बाई, आमी जाऊन राहिलो. ठरलं."

त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीन रोपं लागली.

"कधी?"

"दिवाळी झाली की."

आणखी काही रोपं लागली. मी वाट बघत होते. त्या रडतील, भांडतील, पोरीला तरी ठेवून जा म्हणतील. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोट्टीले थंडी लवकर बाधते. स्वेटर घेजो."

बघा, मी मनात म्हटलं. हिला पोरीचंच पडलंय.

त्या दिवसापासून बाई बदलल्या. पोरगी मांडीवर चढायला आली की तिला उतरवून म्हणत, "जा, तुया मायजवळ जा." ताट वाढून माझ्यासमोर सरकवायच्या आणि स्वतः परसात निघून जायच्या. पोरगी रडून घर डोक्यावर घ्यायची. पहिले काही दिवस ती उपाशीच झोपली. मग एकदा भुकेने कावून तिने माझ्या हातचा वरणभात खाल्ला. दाराआडून बाई बघत होत्या. मी पाहिलं तशा बाजूला झाल्या. मला वाटलं, राग आलाय, सूड उगवतायत. तेव्हा माझी अक्कल एवढीच चालली. आज कळतं की चार महिने त्या बाईने स्वतःच्या हाताने पोरीला स्वतःपासून सोडवलं, तिथे गेल्यावर मला त्रास नको म्हणून. "काकी नाही म्हणायचं, माय आहे ते तुयी," असं त्यांनीच तिला शिकवलं. दिवाळीपर्यंत ती मला माय म्हणायला लागली. मला हवं होतं ते सगळं मिळालं आणि दिलं कुणी, तर बाईंनी.

तिरोड्याच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीला सगळे आले होते. बाईंनी लाखोळीची डाळ, कोहळ्याच्या वड्या आणि घरच्या तांदळाचं अर्धं पोतं बांधून दिलं. पोरीची पापी घेतली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही फारसं. गाडी हलायच्या आधी खिडकीतून हात घालून त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला, तो नीटच होता तरी.

चाकणला एका खोलीत संसार मांडला. पोरगी आजूबाजूच्या पोरांचं ऐकून मला आई म्हणायला लागली. माझ्याच हातून जेवायची, पडली की माझ्याकडेच यायची. पहिलं वर्ष मी सुखात होते, खोटं कशाला बोलू? मग कधीतरी ते सुख ओसरलं. तिघांपुरता भात करायला हात शिकेना, रोज उरायचा. दुपारी दार लावून बसलं की घरात आवाज म्हणून नाही. शेजारीण चांगली होती, पण तिच्याशी भांडता येत नव्हतं. भांडायला माणूस हक्काचं लागतं. आषाढ आला की मला कुठे चिखल दिसेना आणि पोटऱ्यांना मात्र चिखलाची आठवण यायची. मला बाईंची आठवण यायची. त्यांचं बोलणं, कपाळावर मनगटाने केस सारणं, मी चुकले की "शहरवाली!" म्हणून ओरडणं. ज्या बाईपासून पळून आले तिच्यासाठी मी स्वयंपाक करता करता डोळे पुसत होते. हे सांगायचं तरी कुणाला?

पुढे गावाकडे घरोघरी मोबाइल झाले. बाई महिन्यातून दोनदा तरी फोन लावायच्या. "कशी आहेस वो?" म्हणाल्या की मी "बरी आहे, हे घ्या, बोला," म्हणून लगेच फोन पोरीच्या हातात द्यायचे. मला वाटे, एवढं तरी मी त्यांचं देणं लागते. पोरगी आता तिसरीत, मग चौथीत, मग सहावीत. तिला तिथली बोली समजेनाशी झाली होती. "हो. जेवले. हो. ठेवू?" एवढंच तिचं बोलणं व्हायचं. एकदा ती मला म्हणाली, "आई, त्यांच्याशी काय बोलायचं असतं?" मी तिला रागावले. रागवायचं खरं तर स्वतःला होतं. अशी सहा-सात वर्षं गेली.

एका रविवारी बाईंचा फोन आला तेव्हा पोरगी क्लासला गेली होती. मी म्हटलं, "बाई, ती घरी नाही. आल्यावर लावायला सांगते." आणि फोन ठेवायला गेले.

"थांब न वो," त्या म्हणाल्या. "दरवेळी फोन तिलेच काऊन देऊन टाकते?"

मी म्हटलं, "तुमाले तिच्याशी बोलायचं असते न."

"तिच्याशी का बोलू? ते 'हो, हो' करते." त्या हसल्या, मग हसू थांबलं. "पोट्टी तुयीच होती. तुयी तुले दिली. मी तर तुयासाठी फोन लावते."

मी ओट्याला टेकून खाली बसले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मी म्हटलं, "बाई, मले घरी यावंसं वाटते."

"मंग ये न. कोन अडवून राहिलं?"

किती सोपं म्हणाल्या. पण नवऱ्याची नोकरी इथली, पोरीची शाळा इथली, आता तिथं जाणं म्हणजे चार दिवसांचं पाहुणं होणं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तेव्हा चाकणला जायचं की नाही हे ठरवताना मी सगळ्यांचा विचार केला होता. नवऱ्याचा, पगाराचा, शाळेचा, सासऱ्यांच्या रागाचा, पोरीवाचून बाईंचं कसं होईल याचासुद्धा. माझ्यावाचून त्यांचं कसं होईल, हे मात्र मला एकदाही सुचलं नव्हतं.